बाळंतिणीचं भेंडोळं

१

रविवारी सकाळी पेटी उघडली, तर आत नुसती फीत. भेंडोळं गायब.

फीत चार पदरी घडी घालून, पेटीच्या बरोबर मध्ये ठेवलेली. चोराला घाई नव्हती, एवढं कुणालाही दिसत होतं. अफ्रीन पुस्तकांच्या खोलीतून थेट स्वैपाकघरात आली आणि दाराला टेकून उभी राहिली. शरीफाबी मच्छबूसच्या मसालेभातासाठी तांदूळ धूत होती. नातीचा चेहरा बघून तिनं पाणी बंद केलं.

"नानी, ते नाहीये," अफ्रीन म्हणाली.

शरीफाबी हर्णैची. शाळेत गेली ती दुसरीपर्यंत, तीही मास्तरांच्या घरी मासळी पोचवण्यापुरती, असं ती स्वतः सांगे. दुसऱ्या कुणी सांगितलं तर त्याची धडगत नसे. आखातातल्या, दस्मानच्या ह्या घरात ती अठ्ठावीस वर्षं रांधत होती. मालक बू यूसुफ हा भला म्हातारा, जुन्या हस्तलिखितांचा शौकीन. त्याला त्यांची नोंदवही करायला कुणी शिकलेलं माणूस हवं होतं. शरीफाबीनं आपली नात पुढं केली. मुंबईत इंग्रजीची एम.ए., आणि तीही जुन्या काळच्या विलायती प्रार्थनांवर. इतकं शिकून प्रार्थनाच वाचायच्या होत्या तर मदरशात काय वाईट होतं, हे शरीफाबीला कधी कळलं नाही. पण शब्द तिनं टाकला होता. पोरगी आता रुमैथियाला मामाकडे राहायची आणि इथं कामाला यायची. तिचा इकामा, म्हणजे ह्या मुलुखात राहायचा परवाना, बू यूसुफच्याच नावावर.

आणि आता हे. पाचशे वर्षांपूर्वीचं, मेंढीच्या कातड्यावर लिहिलेलं, चार हात लांब आणि वीतभरही रुंद नसलेलं भेंडोळं.

गुरुवारीच अफ्रीननं ते सगळ्यांसमोर उलगडलं होतं. ते ठेवायला काचेचं कपाट बनवणारा महादेव सुतार, शिडी धरून उभा उस्मान ड्रायव्हर, खिडकीशी बू यूसुफची मुलगी सफिया, आणि चहाचा ट्रे घेऊन शरीफाबी. कातडं हट्टी होतं. सोडलं की पैशा किड्यासारखं वेटोळं व्हायचं. म्हणून अफ्रीननं नानीचे हात धुववून, पुसवून, एक टोक तिच्या तळव्याखाली दिलं होतं. मग सांगितलं, की हे विलायतेत ख्रिस्ती बाईच्या पोटाला गुंडाळायचे, कळा सुरू झाल्या की, किंवा त्याच्याही आधीपासून. ह्यात तीन आयांची नावं एकाखाली एक लिहिली आहेत. हन्नाला मरियम झाली, एलिझाबेथला याह्या, मरियमला ईसा, म्हणजे येशू. तशी हीही सुखरूप मोकळी होवो. खाली लाल रंगात ईसाच्या जखमा काढलेल्या, आणि त्या पुसट झालेल्या, कारण बायका त्यांचे मुके घ्यायच्या.

शरीफाबीला एकच प्रश्न पडला होता. त्या बायांना वाचायला यायचं का?

बहुतेकींना नाही, अफ्रीन म्हणाली होती.

"मंग लिवलं कशाला?"

सगळे हसले होते. सफिया तेवढी हसली नव्हती.

आता पेटी रिकामी होती, आणि बुधवारी विलायतेहून एक साहेब खास ते भेंडोळं बघायला येणार होता. बू यूसुफनं अफ्रीनला बोलावलं. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं, असं शरीफाबीला वाटलं. खोलीची चावी अफ्रीनकडे असते, तो म्हणाला. मंगळवारी अस्रपर्यंत, दुपारची नमाज होईपर्यंत, वाट बघतो. मग मला पोलिसांना सांगावं लागेल, आणि एकदा कागद हलले की तुझा इकामा माझ्या हातात राहणार नाही.

पोरगी मान खाली घालून ऐकत होती. गुरुवारी तीन वाजता निघताना, महादेवचं काम व्हायचंय म्हणून, तिनं ती चावी कुणाकडे दिली होती, हे तिनं सांगितलं नाही.

दिली होती ती शरीफाबीकडे. आणि शरीफाबीनं ती दोन दिवस स्वैपाकघरात, मसाल्याच्या फळीखालच्या खिळ्याला टांगून ठेवली होती.

२

शरीफाबीच्या डोक्याचं भजं झालं. ख्रिस्ती बायांची दुआ, घर मुसलमानाचं, कपाट बनवणारा हिंदू, आणि चोर म्हणे आपली पोर. ह्यात कोणता धागा ओढायचा?

तिनं दुपारी उस्मानला चहाला बसवलं. उस्मान दापोलीकडचा, तोंडाचा पाट उघडा. गुरुवारी जेवण झाल्याबरोबर तो बू यूसुफला समुद्रकाठच्या बंगल्यावर घेऊन गेला होता आणि दोघे शनिवारी संध्याकाळी परतले, हे तिला ठाऊकच होतं. म्हणजे हे दोघे बाद. उरली अफ्रीन, महादेव, सफिया आणि ती स्वतः.

उस्माननं आपलं मत दिलं, कुणी विचारलं नसताना. खाला, हे शिकलेल्या माणसाचं काम. ज्याला ती भाषा वाचता येते तोच नेणार; आपल्याला दिलं तर आपण त्यात बोंबील बांधू. आणि घरात ती भाषा येते कुणाला, असं म्हणून तो चहात बघत राहिला.

"तुझ्या अकलेत बांधू बोंबील," शरीफाबी म्हणाली. "इकायला नेलं असतं तर पेटी नसती नेली? पेटीत त्याचा कागद हाय, कुठून आलं, कुणाचं हाय. कागदाशिवाय कोण घेतो? आन् इकणारा फितीची घडी घालीत बसतो?"

उस्मानकडे आणखी एक बातमी होती. महादेव सकाळी फाटकापर्यंत आला होता. भेंडोळं गेलं हे दरवानाकडून कळल्याबरोबर तो कानोसा घेतलेल्या सशासारखा उलट पावली गेला, तो आता फोन उचलत नाही. आणि शुक्रवारी त्याचा खोलीभाऊ रूपेश मुंबईच्या विमानात बसला. महादेवनं त्याच्याकडे एक पुडकं दिलं. उघडू नको, सामानात टाकू नको, पाय लावू नको, अशी बजावणी करून.

शरीफाबीला महादेवची बायको आठवली. मालन. गावी गुहागरजवळ, नववा महिना चालू. महादेव रोज सांगायचा.

वर जेवण लावायला ती गेली तेव्हा तिच्या डोक्यात हेच घोळत होतं. सफिया एकटीच जेवत होती. चाळिशी गाठलेली, बोलायला कमी, नवरा दोह्याला नोकरीला. तिचा रुमाल खाली पडला. तिनं वाकून उचलला नाही, शरीफाबीनं उचलला. सफिया उठली तेव्हा बारीक चरचर झाली, सुक्या माशाचं कातडं दुमडल्यासारखी. झग्याला खळ जास्त झालीय, इस्त्रीवालीला सांगायला हवं, एवढंच शरीफाबीच्या मनात आलं. जिन्याभर बखूरचा धूर कोंदला होता. उदाची लाकडं ह्या घरात पाहुणे आले की जळायची. शुक्रवारपासून सफियाच्या खोलीत ती बिनपाहुण्यांची जळत होती, आणि शरीफाबीच्या कालवणाचा वास मेला होता.

पण आता तिला महादेव गाठायचा होता. पुडकं मुंबईत उतरून दोन दिवस झाले होते.

३

सोमवारी सकाळी उस्माननं तिला फहाहीलला नेलं. बाजारामागच्या इमारतीत एका खोलीत आठ जण राहायचे. सात कामावर गेलेले, आठवा भिंतीकडे तोंड करून झोपलेला. शरीफाबीनं त्याची चादर ओढली.

महादेव उठून बसला आणि तिच्या पाया पडला. तिनं पाय मागं घेतले. पाया पडणाऱ्यावर तिचा भरवसा नव्हता.

पुडक्यात काय होतं, तिनं विचारलं.

सुतळी, तो म्हणाला.

तिला वाटलं हा आपल्याला वेडी समजतो. पण महादेवनं खाटेखालून सुतळीचं रीळ काढलं, तिच्यापुढं ठेवलं, आणि सगळं ओकला. मालनचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. गुरुवारी अफ्रीनताईचं बोलणं ऐकल्यावर त्याला चैन पडेना. भेंडोळं नेणं म्हणजे चोरी. तो चोर नव्हे. पण त्याच्या गावी देवीच्या मूर्तीची उंची दोऱ्यानं घेतात आणि तो दोरा अडलेल्या बाईच्या कमरेला बांधतात. माप घेतलं की देवीचं बळ दोऱ्यात उतरतं, मूर्ती जागची हलत नाही. त्यानं तेच केलं. अफ्रीन गेल्यावर भेंडोळं उलगडलं, त्याच्या लांबीएवढी सुतळी कापली, दोन्ही टोकांना गाठी मारल्या, भेंडोळं होतं तसं गुंडाळून, फीत बांधून पेटीत ठेवलं. तिन्हीसांजेला, मगरिबच्या आधी तो निघाला.

शरीफाबीनं सुतळी बोटानं चाचपून बघितली. तिच्या आईनंही दर्ग्याच्या चौथऱ्याभोवती सूत फिरवून आणलं होतं, आणि तेच सूत बांधून शरीफाबीला झैद झाला होता. तो झैद आता रुमैथियात बसून असल्या गोष्टींवर आईला तासभर उपदेश करतो. खरं काय नि खोटं काय, तिनं कधीच सोडून दिलं होतं. महादेव खोटं बोलत नव्हता, एवढं मात्र तिला कळलं. खोटं बोलणारा सुतळी सांगणार नाही. काही तरी बरं सांगेल.

म्हणजे ती होती तिथंच आली. निघायला उठली आणि दारात थांबली.

भेंडोळं त्यानं उलगडलं कसं? गुरुवारी तिनं स्वतः टोक धरलं होतं. हात सैल पडला की कातडं सर्रकन मिटायचं. एक माणूस एक टोक दाबेल. मग दुसरं कोण दाबेल, आणि सुतळी कोण ताणेल?

"महादेवा, दुसरं टोक कुणी धरलं व्हतं?"

महादेवनं रीळ खाटेखाली सरकवलं.

"मावशी, मी शब्द दिलाय," तो म्हणाला. "मला पोलिसात द्या, पण ते विचारू नका."

४

परतताना समुद्र उजवीकडून चालला होता आणि उस्मान तोंड मिटत नव्हता. शरीफाबीनं त्याला गप्प बसवलं. तिला बोटांवर माणसं मोजायची होती.

महादेवनं माप घेतलं ते अफ्रीन गेल्यावर. बू यूसुफ नि उस्मान बंगल्यावर. ती स्वतः स्वैपाकघरात, मासे साफ करीत. मगरिबला तिनं खोली बंद केली तेव्हा पेटी झाकलेली होती. मग उरलं कोण?

तिनं ते नाव मनातल्या मनात घेतलं आणि लगेच तौबा केली. मालकाची पोर स्वतःच्याच घरात चोरी कशाला करेल? मागितलं असतं तर बापानं चार भेंडोळी पुढ्यात टाकली असती.

पण मागता आलं असतं का? मागितलं की कशाला हवंय ते सांगावं लागतं.

उस्मान म्हणाला होता, वाचता येतं तोच नेईल. सगळे तेच धरून बसले होते. साप म्हणून भुई धोपटणं. अरे, ते वाचणाऱ्यांसाठी नव्हतंच. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या बायांना अक्षर कळत नव्हतं. त्यांनी ते पोटाला बांधलं, मुके घेतले, आणि झालं त्यांचं वाचन. शरीफाबीला हे कुणी शिकवायला नको होतं. तिच्या स्वतःच्या दंडावर चाळीस वर्षं तावीज होता. आत काय लिहिलंय ते तिनं कधी उघडून बघितलं नव्हतं.

म्हणजे चोर वाचणारा शोधायचा नव्हता. पोटुशी बाई शोधायची होती. आणि भेंडोळं कपाटात, गादीखाली, कुठंच सापडणार नव्हतं.

वाकून न उचललेला रुमाल. चरचर. खळ कसली, मेलं कातडं ते. आणि अंगाच्या उबेनं मेंढीचं जुनं कातडं तापलं की बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशीच्या मागच्या अंगणासारखा वास मारतं. तो दडवायला उद जाळावा लागतो, दिवसभर, रोज.

घरी पोचल्यावर तिनं आल्याचा काढा केला आणि कुणी मागितला नसताना वर घेऊन गेली. दार बंद होतं. आतून सफियानं विचारलं, कोण? शरीफाबीनं उत्तर दिलं नाही. दार ढकललं.

५

सफिया खिडकीशी ताठ बसली होती, एक हात कमरेवर. धुराच्या तळाशी कातड्याचा वास होताच. शरीफाबीनं काढा ठेवला आणि न विचारता समोर बसली. अठ्ठावीस वर्षांत ती ह्या खोलीत कधी बसली नव्हती.

"कितवा?" तिनं विचारलं. अरबी आणि हिंदीची खिचडी, दोघींची सवयीची.

सफियानं आधी ऐकलंच नाही असं केलं. मग म्हणाली, तिसरा संपतोय.

ह्याआधी चौथ्यात तीन वेळा गेलं होतं. तिन्ही वेळा शरीफाबीनंच वर पेज पोचवली होती. तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं, सफिया म्हणाली. नवऱ्याला, बापाला, सासरच्यांना. मग सगळ्यांना परत सांगावं लागलं. ह्या वेळी तिनं भिंतीलाही सांगितलं नव्हतं. गुरुवारी मरियमचं नाव ऐकलं, हन्नाचं ऐकलं. कुराणातली सूरह मरियम ती रोज पढते. ही दुआ तर त्याच मरियमच्या कुणातरी बाईची वाटली. त्या सुताराला ते मोजताना पाहिलं, टोक धरलं, आणि तळव्याखाली ते कातडं तिला जिवंत लागलं. त्याला दोरा पुरला. तिला पुरेना. शुक्रवारी तिनं खिळ्यावरची चावी घेतली. त्यावर सलीब, म्हणजे क्रूस, काढलेत, जखमा काढलेत. बापाला कळलं की मुलीनं ते अंगाला बांधलं, तर तो काय म्हणेल? ती रोज माफी मागते आणि रोज पुन्हा बांधते. पाचवा लागला की परत ठेवणार होती.

"आन् तवर माझी पोर कुठं असती? परतीच्या इमानात?"

सफियानं तोंड फिरवलं. अफ्रीनवर जाईल असं वाटलं नव्हतं, ती म्हणाली. मग म्हणाली, वाटलं होतं.

शरीफाबीला संताप आला आणि दयाही आली, दोन्ही एकदम, आणि कुणाला आधी वाट द्यावी ते कळेना. चोरीचा माल पुढ्यात होता. हात घालून सोडवला असता तर प्रश्न मिटला असता. आणि उद्या काही कमी-जास्त झालं असतं, तर?

"तुझ्या पोटातलं तुझं," ती उठत म्हणाली. "पन माझी नात बी कुणाच्या तरी पोटातनंच आली. मी सांगनार नाय. उद्या अस्रला खाली सगळी असतील. तुझं तू बघ."

जिना उतरताना ती मध्येच थांबली. तिनं हे काय केलं होतं? नातीची मान तिनं दुसऱ्याच्या हातात देऊन टाकली होती.

६

मंगळवारी अस्रची नमाज झाली. बू यूसुफ पुस्तकांच्या खोलीत बसला, समोर अफ्रीन, दारात उस्मान. महादेवही आला होता. पळालो तर ताईवर येईल म्हणाला. रिकामं काचेचं कपाट भिंतीशी चमकत होतं. जिन्यावर पाऊल वाजत नव्हतं.

बू यूसुफनं फोन हातात घेतला.

शरीफाबी पुढं झाली. पोरीकडे चावी नव्हती, तिनं सांगितलं. माझ्याकडे होती, दोन दिवस उघड्यावर. काय लिहून द्यायचं ते माझ्याकडून घ्या, मी अंगठा देते.

"उम्म झैद, तुम्ही घेतलं?" बू यूसुफ चक्रावला. झैदची आई म्हणूनच तो तिला हाक मारी.

घेतलं म्हणावं तर खोटं. नाही म्हणावं तर पुढचं नाव तोंडात. शरीफाबीच्या जिभेला आयुष्यात पहिल्यांदा काही सुचेना. अफ्रीन नानीकडे बघत होती, महादेव जमिनीकडे.

तेव्हा सफिया दारात आली. उस्मान बाजूला सरला. ती बापासमोर उभी राहिली आणि त्याचा हात घेऊन आपल्या कमरेवर ठेवला. झग्याखाली कातडं चरचरलं. ती हलक्या आवाजात चार शब्द बोलली. ते काय होते ते शरीफाबीनं ऐकलं, पण कधी कुणाला सांगितलं नाही.

बू यूसुफनं हात तसाच ठेवला. त्याचे ओठ हलत होते. रागावतो आहे की दुआ करतो आहे, कळायला मार्ग नव्हता. मग त्यानं अफ्रीनला विचारलं, घाम लागून त्याचं काय होईल?

चोरीचा डाग पुसला गेला ह्याचा अफ्रीनला आनंद व्हायला हवा होता, पण रडू आलं ते कातड्याचं. लाल रंग आणखी जाईल, ती म्हणाली. शाई बहुतेक टिकेल. सुरकुत्या पडतील. पाचशे वर्षं टिकलेली वस्तू खराब होईल.

"खराब व्हायलाच केली व्हती ती," शरीफाबी म्हणाली. "चांगली ऱ्हायली असती तर कुनी वापरली नाय असं म्हनली असतीस तू."

अफ्रीननं डोळे पुसले आणि नोंदवही उघडली. बू यूसुफनं तिला विचारलं, एखादी वस्तू आपली आहे, हरवलेली नाही, पण जागेवर नाही, तर नोंदवहीत काय लिहितात?

"उसनी दिली, असं लिहितात," अफ्रीन म्हणाली.

मग तसं लिही, तो म्हणाला. आणि खाली तुझी सही कर. ह्या खोलीचा कारभार तुझा आहे.

बुधवारी विलायती साहेब आला. उंच, भला, नाकावर चष्मा. रिकाम्या कपाटासमोर तो बराच वेळ उभा राहिला. आत एक चिठ्ठी होती, अफ्रीनच्या अक्षरातली. कोणत्या संग्रहालयाला दिलंय, त्यानं विचारलं. बू यूसुफनं सांगितलं, जवळच आहे, पण सध्या बघता येणार नाही. परत कधी येईल, साहेबानं विचारलं. बू यूसुफनं अफ्रीनकडे बघितलं. अफ्रीननं दारात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या नानीकडे.

शरीफाबीनं ट्रे एका हातावर तोलला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं बोटांची पेरं मोजली.

"मे म्हैन्यात," ती म्हणाली. "अल्लाच्या मनात आसंल तर."

अफ्रीननं ते इंग्रजीत सांगितलं, दोन्ही वाक्यं, आणि साहेबानं दोन्ही आपल्या वहीत लिहून घेतली.